गॅसवरील जुनी मोटार आणि इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर

आपल्या संघाच्या कित्येक सभासदांच्या दारी आजही जुनी अँबॅसडर अथवा पद्मिनी उभी असते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीनेही २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला. तरीही वडीलधाऱ्यांच्या हातची वस्तू म्हणून आणि अद्याप उपयोगी पडते म्हणून आपण ती मोडीत काढीत नाही. वाहनांत एल. पी. जी. वापरण्यास कायद्याने २००० साली मुभा दिली, तेव्हापासून पेट्रोलच्या खर्चास आळा घालण्यासाठी अनेकांनी आपल्या जुन्या गाड्यांना गॅस जोडून घेतला. मात्र पेट्रोलवर निमूटपणे चालणारे इंजिन गॅसवर कुरबुर करू लागते, चढावर ‘मिसिंग’ करते आणि एखादे वेळी एअर फिल्टरच्या डब्यात मोठा आवाज होऊन झाकण उडते, अशी तक्रार पेठेत वरचेवर ऐकू येते. दोष गॅसच्या किटला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा तो ठिणगीचा असतो.

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी; यंत्रशास्त्राचे शिक्षण आम्हांस लाभलेले नाही. तथापि पेढीच्या गाडीची देखभाल अनेक वर्षे जातीने केल्यामुळे आणि जाणत्या मिस्त्रींच्या शेजारी बसून त्यांचे काम पाहिल्यामुळे जे समजले, ते सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. बॅटरी व कॉइल यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची ही पद्धत अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केली आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत ती आली. डिस्ट्रिब्युटरकडे दोन कामे असतात. आतील सी. बी. पॉइंट उघडून कॉइलचा प्रवाह नेमक्या क्षणी तोडणे हे पहिले. त्यायोगे कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. हा दाब रोटरच्या द्वारे योग्य त्या सिलिंडरच्या प्लगकडे पाठविणे हे दुसरे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असता पॉइंटला सेकंदास १०० वेळा उघडमीट करावी लागते. त्या वेगात इंजिनाचा दांडा एक अंश फिरण्यास सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो. एवढा सूक्ष्म हिशेब एका धातूच्या टिकलीवर आणि ती उचलणाऱ्या लहानशा ठोकळ्यावर अवलंबून असतो.

पॉइंटमधील अंतर सामान्यतः ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. वापराने टिकल्या जळतात, ठोकळा झिजतो आणि अंतर कमी होते. अंतर कमी झाले की पॉइंट उशिरा उघडतो, म्हणून ठिणगीही उशिरा पडते. आपल्या धंद्यात वजने झिजतात म्हणूनच ती वेळोवेळी तपासून त्यांवर सरकारी शिक्का घ्यावा लागतो. पॉइंटची झीज याच जातीची आहे. ती हळूहळू होत असल्याने मालकाच्या ध्यानात येत नाही.

पेट्रोल ही झीज बरीच सोसते. गॅस सोसत नाही. याची कारणे अशी. गॅस व हवा यांचे मिश्रण पेटविण्यास प्लगच्या टोकांशी अधिक दाब लागतो. मिश्रण थोडे विरळ झाले तर ही गरज आणखी वाढते. दुसरे असे की, मिक्सरच्या किटमध्ये गॅस व हवा मिक्सरपासूनच एकत्र होतात. सबब इंजिनात जाणारी सारी नळी पेटू शकणाऱ्या मिश्रणाने भरलेली असते. ठिणगी चुकली वा भलत्या वेळी पडली आणि व्हॉल्व उघडताना ज्वाला मागे फिरली, तर नळीतील मिश्रण पेट घेते. यालाच मिस्त्री बॅकफायर म्हणतात. फिल्टरचा डबा फुटणे हा त्यातील लहान तोटा होय; रबरी नळी अथवा मिक्सर तडकून बॉनेटखाली आग लागणे हा मोठा.

इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट नसतो. त्याच्या जागी चुंबकीय संवेदक असतो व कॉइलचा प्रवाह तोडण्याचे काम एक लहान मॉड्यूल करते. घासणारा भागच नसल्याने ठरविलेली वेळ ढळत नाही, आणि योग्य कॉइल जोडली असता ठिणगीही जोरकस मिळते. ही नवलाईची वस्तू नव्हे. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९७३ सालीच आपल्या सर्व मोटारींना ती देऊ केली होती.

बसविताना पुढील क्रम पाळावा. बॅटरीची जोडणी सोडावी. पहिला सिलिंडर दाबाच्या टप्प्यात अगदी वर आणून रोटरची दिशा खुणेने नोंदवावी. प्लगच्या वायरींवर क्रमांक घालावेत. अँबॅसडरच्या पेट्रोल इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. जुना डिस्ट्रिब्युटर काढून नवा त्याच खुणेवर बसवावा. कॉइल मॉड्यूलला मानवेल अशीच घ्यावी. मार्गात जुना रोधक असल्यास तो ठेवावा की काढावा, हे सोबतच्या पत्रकावरून ठरवावे. इंग्रजी घडणीच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. तेथे साधे मॉड्यूल लावल्यास ते तत्काळ जळते.

यानंतर तीन गोष्टी गॅसच्या गाडीसाठी विशेष आहेत आणि त्यांतच खरी मेख आहे.

पहिली गोष्ट टायमिंगची. मंद गतीला गॅसला काही अंश अगोदरची ठिणगी मानवते. नैसर्गिक वायूला एल. पी. जी.पेक्षाही अधिक. परंतु वेग वाढताच डिस्ट्रिब्युटरमधील वजने आपली आघाडी तीत मिळवितात आणि बेरीज प्रमाणाबाहेर जाऊ शकते. यास्तव कानाच्या अंदाजावर न विसंबता टायमिंग लाइट लावून मंद व जलद अशा दोन्ही गतींना तपासणी करावी. तीच गाडी पेट्रोलवरही चालवायची असल्यास चढावर टिणटिण आवाज येणार नाही, इतपतच आघाडी ठेवावी.

दुसरी गोष्ट वायरी व प्लगची. जोरकस दाबाला चिरलेली वायर ही पळवाट ठरते. बेळगावसारख्या दमट पावसाळ्यात तर अंधारात बॉनेट उघडल्यास वायरीवरून निळसर ठिणग्या पळताना दिसतात. यासाठी वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी व प्लग ही सामग्री बरोबरच बदलावी. वायरी रेडिओची खरखर रोखणाऱ्या, म्हणजे रोधकाच्या जातीच्या घ्याव्यात. साध्या तांब्याच्या तारेने मॉड्यूलच्या कामात व्यत्यय येतो. प्लगमधील अंतर गॅससाठी किंचित कमी ठेवण्याची शिफारस असते, ती पाळावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बहुतेक किटमधील गॅसचा स्विच कॉइलच्या ऋण टोकावरून एक बारीक तार घेतो. तीवर ठिणगीचे ठोके येत असतील तोवरच गॅसचा व्हॉल्व उघडा राहतो. इंजिन बंद पडताच तो मिटतो. अपघातात गळती थांबविणारी सोय ती हीच. नव्या जोडणीत ही तार सुटली तर गॅस मिळत नाही, हे लगेच कळते. परंतु ‘गाडी चालू तर होऊ दे’ म्हणून कोणी ती भलत्या ठिकाणी जोडून व्हॉल्व कायम उघडा ठेवला, तर धोका निर्माण होऊनही तो दिसत नाही. म्हणून काम संपल्यावर मालकाने स्वतः परीक्षा करावी: स्विच गॅसवर ठेवून चावी फिरवावी, इंजिन चालू करू नये. व्हॉल्व क्षणभर उघडून काही सेकंदांत मिटल्याचा टक आवाज आला पाहिजे. तो न आल्यास गाडी मिस्त्रीच्या दारातून हलवू नये.

एवढे करूनही ज्या इंजिनाची कॉम्प्रेशन गेली आहे, व्हॉल्व जळले आहेत किंवा मिक्सरच बिघडला आहे, त्याला नवा डिस्ट्रिब्युटर तारू शकत नाही. खर्च करण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजून घ्यावी. किट मान्यताप्राप्त असावे आणि त्याची नोंद गाडीच्या आर. सी. पुस्तकात असावी. घरगुती सिलिंडर गाडीत वापरणे बेकायदेशीर तर आहेच, पण कुटुंबीयांना शेजारी बसवून असे साहस करणे सुज्ञपणाचे नाही.

काटकसर हा आपला स्वभाव आहे व तो भूषणावह आहे. परंतु जेथे ठिणगी आणि गॅस यांचा संबंध येतो, तेथे वायरीच्या किमतीत केलेली बचत हा नफा नव्हे. काम चांगल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे आणि शेवटची परीक्षा आपल्या कानांनी ऐकावी. इत्यलम्.