वेबपानावरील चित्रांची मांडणी

छापखान्यांतील जुळाऱ्यास एक गोष्ट आरंभींच ठाऊक असे. ती म्हणजे कागद केवढा आहे. मासिकाचें पान किती इंच रुंद, त्यांत रकाने किती, रकान्यांमधील मोकळी जागा किती, हें एकदां ठरलें कीं ठसा त्याच मापाचा करून घ्यावयाचा. आणि छापलेलें चित्र वाचकाच्या घरीं जाऊन फुगत नसे किंवा आखडत नसे. वेबपान रचणाराच्या हातीं ही निश्चिती नाहीं. त्याचें पान एका घरीं 360 पिक्सेल रुंदीच्या फोनवर उघडतें, दुसऱ्या घरीं 768 पिक्सेलांच्या टॅब्लेटवर, आणि कचेरींतील संगणकावर 1200 पिक्सेल किंवा त्याहूनहि अधिक रुंदीवर. पान तेंच, चित्रें तींच. कागद मात्र प्रत्येक वाचकाचा निराळा.

वेबपानांत चित्र घालण्यासाठीं 'आयएमजी' ही खूण मार्क अँड्रीसन ह्यानें 1993 सालच्या फेब्रुवारींत सुचविली. त्यानंतर बरींच वर्षें पानें रचणारे लोक कागदाचीच कल्पना मनांत धरून ठराविक रुंदीचीं पानें करीत राहिले. फोनवर पानें वाचण्याचा प्रघात पडल्यावर तीं तोकडीं पडूं लागलीं. 2010 सालच्या मे महिन्यांत ईथन मार्कोट ह्या अमेरिकन रचनाकारानें एका लेखांत तीन गोष्टींची सांगड घातली : प्रमाणानें मोजलेले रकाने, जागेप्रमाणें लहान होणारीं चित्रें, आणि पडद्याच्या रुंदीनुसार नियम बदलण्याची सोय. ह्या पद्धतीस त्यानें 'रिस्पॉन्सिव्ह' हें नांव दिलें. पुढें मार्च 2017 मध्यें फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी ह्या तीन ब्राउझरांनीं एकाच महिन्यांत 'ग्रिड' ही सोय खुली केली, आणि पानाचे आडवे-उभे खण पाडणें सोपें झालें. पान कसें दिसावें हें सांगणाऱ्या नियमांच्या भाषेस सीएसएस म्हणतात. ग्रिड हा त्या भाषेचाच एक भाग.

साधन सुधारलें, तरी दोष नाहींसे झाले नाहींत. समजा, एका सार्वजनिक वाचनालयानें शताब्दीनिमित्त आपल्या वेबपानावर बारा छायाचित्रें मांडलीं. त्यांत संस्थापकांचें पगडी घातलेलें, स्टुडिओंत काढलेलें उभें छायाचित्र आहे. तें 600 पिक्सेल रुंद व 800 पिक्सेल उंच. नव्या इमारतीचें छायाचित्र कोणा उत्साही सभासदानें फोननें काढलेलें, 4000 रुंद व 3000 उंच. चिटणिसांच्या संगणकावर पान ठाकठीक दिसलें. सभासदांनीं तेंच फोनवर उघडलें तों इमारत पडद्याबाहेर गेलेली, संस्थापकांची मुद्रा वेळूसारखी लांबलेली, आणि दोन चित्रांमध्यें कोठें रेघेएवढी तर कोठें बोटभर फट. असें झालें म्हणजे माणसें आंकडे चाचपीत बसतात. येथें पांच पिक्सेल वाढव, तेथें दहा कमी कर. हा मार्ग अगदीं निरुपयोगी आहे. एका पडद्यावर जुळलेला आंकडा दुसऱ्या पडद्यावर हटकून चुकतो. प्रत्येक दोषाच्या मागें ब्राउझरचा एकेक ठराविक नियम असतो, आणि तो कळला कीं उपाय बहुधा एका ओळीचा असतो.

फोनवर सर्वच पान मुंगीएवढें दिसत असेल तर चित्रांस दोष देऊं नये. पानाच्या शिरोभागीं 'व्ह्यूपोर्ट' नांवाची सूचना लिहावी लागते. ती नसल्यास आयफोनवरील सफारी पान 980 पिक्सेल रुंद आहे असें धरून चालतो आणि सर्व मजकूर आटवून दाखवितो. ही ओळ घातल्यावांचून पुढील कोणत्याहि उपायाची परीक्षा होत नाहीं.

इमारत पडद्याबाहेर कां गेली ? ब्राउझर चित्राचें मूळ माप प्रमाण मानतो. खण 328 पिक्सेलांचा असला तरी 4000 पिक्सेलांच्या चित्रास त्याची भिंत अडवीत नाहीं. चित्रास 'मॅक्स-विड्थ 100 टक्के' असें सांगावें, म्हणजे तें खणाहून रुंद होत नाहीं. आणि मुळांत लहान असलेलें चित्र उगीच फुगतहि नाहीं. नुसतें 'विड्थ 100 टक्के' सांगितलें तर मात्र लहान चित्र ताणलें जाऊन धूसर होतें. हा भेद पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

संस्थापकांची मुद्रा लांबली ती ह्याच उपायाच्या अर्धवट योजनेमुळें. चित्राच्या खुणेंत 600 आणि 800 हीं मापें लिहिलेलीं होतीं. रुंदीस मर्यादा घातल्यानें 600 चे 328 झाले. उंचीस कोणीं कांहींच सांगितलें नाहीं, म्हणून ती 800 च राहिली. सोबत 'हाइट ऑटो' असें लिहिलें कीं उंची त्याच प्रमाणांत उतरून सुमारें 437 होते आणि माणूस माणसासारखा दिसूं लागतो. 'फ्लेक्स' पद्धतीनें ओळींत थेट ठेवलेलीं चित्रेंहि अशींच ताणलीं जातात, कारण ओळींतील सर्वांत उंच वस्तूएवढें सर्वांनीं व्हावें असा तेथील स्वाभाविक नियम आहे. तेथें 'अलाइन-आयटम्स' ह्यास 'फ्लेक्स-स्टार्ट' हें मूल्य द्यावें.

आतां फटींचा विचार. जुन्या पद्धतींत तीन रकाने हवे असले म्हणजे प्रत्येकास 33.33 टक्के रुंदी देत आणि वर समास जोडीत. 960 पिक्सेलांचें पान असेल तर 320 चे तीन रकाने मिळून पान भरलेंच. समासांस जागा उरली नाहीं, म्हणून तिसरें चित्र खालच्या ओळींत ढकललें जाई. ग्रिडमध्यें 'गॅप' हा निराळा नियम आहे. तो आधीं फटींची जागा बाजूस काढतो आणि उरलेली वांटतो : 24 पिक्सेलांच्या दोन फटींचे 48 वजा जातां 912 राहिले, त्यांचे तीन समान भाग 304 चे. शिवाय गॅप केवळ खणांच्या मध्यें पडतो, बाहेरच्या कडेस पडत नाहीं. त्यामुळें शेवटल्या चित्राचा समास काढून टाकण्याचा जुना खटाटोप वांचतो. फ्लेक्समध्येंहि 2021 पासून सर्व प्रमुख ब्राउझर गॅप मानतात.

कधीं कधीं समान भाग मागूनहि ते समान पडत नाहींत. भागासाठीं 'एफआर' हें परिमाण वापरतात आणि '1 एफआर' म्हणजे सारखा वांटा असें सर्व समजतात. वस्तुतः त्यांत एक न दिसणारी अट असते : खणांतील वस्तु जितकी आकसूं शकते त्याहून खण लहान होणार नाहीं. चित्राखालीं न तुटणारा लांबलचक वेबपत्ता लिहिलेला असला तर तो एकटाच खण रुंद करून शेजाऱ्यांस दाबतो. 'मिनमॅक्स' ह्या रचनेनें किमान माप शून्य आणि कमाल 1 एफआर असें सांगितलें म्हणजे ही अट सुटते. मात्र तो पत्ता तुटूं देण्याची परवानगीहि द्यावी, नाहींतर तो शेजारच्या चित्रावर चढतो.

सर्वांत बुचकळ्यांत पाडणारी फट चित्राच्या खालीं असते. खण रंगविलेला असला तर चित्राखालीं चार-पांच पिक्सेलांची पट्टी दिसते. समास शून्य केला तरी ती जात नाहीं. हिचें मूळ लिपींत आहे. ब्राउझर चित्रास ओळींतील एक मोठें अक्षर समजतो आणि अक्षरांच्या पायरेघेवर उभें करतो. त्या रेघेखालीं इंग्रजी लहान अक्षरांच्या शेपट्यांसाठीं, आणि आपल्या 'कु', 'कू', 'कृ' ह्यांतील उकार-ऋकारांसाठीं जागा राखलेली असते. चित्रास उकार नसतो, पण जागा उरते ! चित्रास 'डिस्प्ले ब्लॉक' असें सांगितलें कीं तें अक्षर राहत नाहीं व फट नाहींशी होते. कित्येक लोक ह्या ठिकाणीं उणा समास देऊन खालचा मजकूर वर ओढतात. अंगावर शाल पांघरून ताप झांकण्याचा हा प्रकार. अक्षरांचा आकार बदलतांच फट पुन्हां डोकें वर काढते.

रकाने किती असावेत हें पडदा पाहून ब्राउझरनेंच ठरविलें तर उत्तम. 'ऑटो-फिट' ह्या शब्दासह किमान 220 पिक्सेल व कमाल 1 एफआर असें मिनमॅक्समध्यें सांगावें. पानाच्या दोन्ही कडांस 16 पिक्सेल सोडावे आणि गॅपहि 16 ठेवावा. मग 360 च्या फोनवर उपयोगाची रुंदी 328, तींत एकच रकाना बसतो. 768 च्या टॅब्लेटवर 736 मध्यें तीन, आणि 1200 च्या संगणकावर 1168 मध्यें पांच; कारण 220 चे पांच आणि चार फटी मिळून 1164 होतात. शाळेंतील भागाकाराहून ह्यांत अधिक कांहीं नाहीं. मात्र किमान माप 220 ऐवजीं 420 ठेवलें तर फोनवर पान पुन्हां बाहेर सांडेल. म्हणून 420 आणि 100 टक्के ह्यांतील जें लहान तें घ्यावें, अशी 'मिन'ची तरतूद करावी. चित्रें तीनच असतील तर ऑटो-फिट रिकामे रकाने मिटवून तिन्ही चित्रें रुंद करतो. त्याचा भाऊ 'ऑटो-फिल' रिकाम्या जागा तशाच राखतो.

येथपर्यंतचे प्रश्न यंत्राचे आहेत. ह्यापुढचा प्रश्न यंत्रास सुटणारा नाहीं. उभीं-आडवीं चित्रें एका ओळींत सारख्या उंचीचीं दिसावींत असें वाटणें स्वाभाविक आहे. त्यासाठीं 'अ‍ॅस्पेक्ट-रेशिओ' हा नियम प्रमुख ब्राउझरांत 2021 पासून मिळतो. प्रत्येक खण चारास तीन ह्या प्रमाणांत धरतां येतो. पण उभें चित्र आडव्या खणांत बसवावयाचें कसें ? 'ऑब्जेक्ट-फिट' हा नियम त्याचे मार्ग देतो. 'कव्हर' म्हटलें तर खण पूर्ण भरतो आणि चित्राचा जास्तीचा भाग कापला जातो. 'कंटेन' म्हटलें तर चित्र पूर्ण दिसतें आणि बाजूस रिकामी जागा राहते. कांहींच न म्हटलें आणि रुंदी-उंची दोन्ही ठरवून दिली, तर चित्र खणाएवढें ताणलें जातें.

संस्थापकांचें चित्र 320 रुंद व 240 उंच खणांत कव्हरनें बसविलें तर काय होतें तें मोजून पाहावें. 600 चे 320 झाले म्हणजे 800 चे सुमारें 427 होतात. दिसावयाचे 240, म्हणजे शेंकडा 44 भाग जातो. ब्राउझर चित्र मध्यावर धरतो, म्हणून त्यांतील अर्धा भाग वरून व अर्धा खालून जातो. वरचा शेंकडा 22 भाग म्हणजे नेमकी पगडी, आणि बहुधा कपाळहि ! ज्यांनीं वाचनालय उभारलें त्यांचेंच मस्तक शताब्दीच्या पानावर उडालेलें पाहून जुन्या सभासदांस काय वाटेल, हें सांगावयास नको. 'ऑब्जेक्ट-पोझिशन' ह्या नियमानें चित्र वरच्या कडेस धरण्यास सांगतां येतें. मग पगडी राहते आणि खुर्चीचे पाय जातात, तें कोणास खुपत नाहीं. परंतु समूहचित्रांत हा उपाय चालत नाहीं. खालच्या ओळींत जमिनीवर बसलेलीं मुलें असतात, आणि त्यांतीलच कोणी आज नातवंडांस तें चित्र दाखविणार असतो. अशा चित्रास कंटेनच द्यावें आणि रिकाम्या जागेस फिकट रंग भरावा. उभ्या चित्राच्या दोन्ही बाजूंस 70-70 पिक्सेल मोकळे राहिले तरी तें गैर दिसत नाहीं; भिंतीवरच्या तसबिरीसहि कोरा समास असतोच. सर्व चित्रांस एकच नियम लावून मोकळें होणें सोयीचें खरें, पण माणसांच्या चित्रांपुरती ही सोय सोडून एकेक चित्र डोळ्यांखालून घालावें.

मंद जाळ्यावर आणखी एक उपद्रव होतो. चित्र येईपर्यंत ब्राउझरास त्याची उंची ठाऊक नसते; तो जागाच राखीत नाहीं. वाचक मजकूर वाचूं लागतो, वरचें चित्र अवतरतें, आणि ओळ खालीं निसटते. 'वर्गणी भरा' ह्यावर ठेवावयाचें बोट भलतीकडेच पडतें. चित्राच्या खुणेंत मूळ रुंदी व उंची लिहिलेली असली कीं हल्लींचे ब्राउझर त्यांवरून प्रमाण काढून जागा आधींच राखतात. म्हणून वर 'हाइट ऑटो' सांगितलें तरी तीं दोन मापें खोडूं नयेत; दोन्ही एकमेकांस पूरक आहेत. गूगलनें 2020 सालीं पानाच्या गुणवत्तेचीं जीं मानकें जाहीर केलीं, त्यांत ह्या हालचालीस स्वतंत्र माप दिलें, तें 0.1 किंवा त्याहून कमी असलें तर चांगलें समजतात.

राहिलें चित्राचें वजन. 4000 गुणिले 3000 म्हणजे एक कोटी वीस लक्ष ठिपके. 328 पिक्सेलांच्या खणास, फोनचा पडदा तिप्पट दाट असला तरी, 984 ठिपके रुंदी पुरते. उंची 738 धरून एकूण सव्वासात लक्षांच्या आसपास. सोळापट अधिक माल सभासदाच्या खर्चानें आणून ब्राउझर तो फेंकून देतो. ह्यास्तव एकाच चित्राच्या 500, 1000 व 2000 अशा रुंदीच्या प्रती करून 'सोर्ससेट'मध्यें त्यांची यादी द्यावी, आणि 'साइझेस'मध्यें चित्र पडद्यावर किती रुंद दिसणार तें सांगावें. 'साइझेस' वगळलें तर ब्राउझर चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचें असेल असें धरतो आणि पांच रकान्यांच्या पानावरहि मोठीच प्रत मागवितो.

परीक्षेसाठीं पांच फोन गोळा करण्याचें कारण नाहीं. संगणकावरील ब्राउझरची खिडकी कडेला धरून 1200 पासून 320 पर्यंत सावकाश अरुंद करीत जावी. पान जेथें अडखळेल तेथें थांबून दोष शोधावा. नंतर फोन आडवा धरून पाहावा. शेवटीं अक्षरें दुप्पट मोठीं करून पाहावींत, कारण वाचनालयाचे पुष्कळ सभासद फोनवर तशींच वाचतात. आणि चित्रांखालीं लिहिलेलीं नांवें तेव्हां दोन-तीन ओळींत उतरतात, त्यांना खणांत जागा ठेवलेली असावी लागते.