झपाटलेला (चित्रपट)

'झपाटलेला' हा १९९३ साली प्रदर्शित झालेला मराठी भय-विनोदी चित्रपट आहे. महेश कोठारे यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून लक्ष्मीकांत बेर्डे, महेश कोठारे, दिलीप प्रभावळकर, किशोरी अंबिये, पूजा पवार, मधू कांबीकर व विजय चव्हाण यांच्या त्यात भूमिका आहेत. गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली आहे. तथापि, केवळ अनुकरण म्हणून या चित्रपटाची बोळवण करता येत नाही. त्यातला 'तात्या विंचू' हा बाहुला महाराष्ट्रातील एका जुन्या कलापरंपरेतून घडला आहे.

== कथानक ==
तात्या विंचू हा अट्टल गुन्हेगार बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून परकायाप्रवेशाचा मंत्र बळजबरीने मिळवतो. इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीने घायाळ झाल्यावर तो मरतामरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बोलके याच्या, घरी येतो. लक्ष्या भोळा, भित्रा आणि बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला तरुण आहे. तात्याला पुन्हा मनुष्यदेह हवा असेल तर तो लक्ष्याचाच घ्यावा लागणार असतो. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या जीव तोडून सांगतो. मात्र बाहुल्यांशी बोलणे हा ज्याचा छंदच, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? चित्रपटातील भय आणि विनोद या एकाच पेचातून निघतात.

== तात्या विंचूचा बाहुला ==
हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी तयार केला व पडद्यावर हालवला. त्यांचे वडील प्रा. य. के. पाध्ये हे भारतातील शब्दभ्रमकलेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. त्यांचा 'अर्धवटराव' हा बाहुला पुढे रामदास पाध्ये यांनी रंगमंचावर आणि दूरदर्शनवर घरोघरी पोहोचवला.

शब्दभ्रमात कलावंत ओठ न हालवता बोलतो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. म्हणून त्यांच्या जागी जिभेने काढता येणारे जवळचे ध्वनी योजावे लागतात आणि वाक्याच्या ओघात ऐकणाऱ्याचा कान ती उणीव भरून काढतो. उरलेले काम डोळा करतो: ज्याचा जबडा हालतो त्याच्याच मुखातून आवाज येतो, असे प्रेक्षक धरून चालतो. रंगमंचावर हा भास सुखद असतो, कारण बाहुल्यामागचा माणूस शेजारीच दिसत असतो. 'झपाटलेला'ने तो माणूसच दृष्टीआड केला. जो खेळ लहान मुले हसत पाहत होती, त्याच खेळाची त्यांना धडकी भरली.

दुसरा बदल आवाजाचा. शब्दभ्रमात बाहुला आणि आवाज दोन्ही एकाच कलावंताचे असतात. येथे हालचाल पाध्ये यांची, तर आवाज प्रभावळकरांचा आहे. माणूस असलेला तात्याही प्रभावळकरांनीच साकारल्यामुळे, देह बदलला तरी आत तोच दुष्ट आहे, ही खूण प्रेक्षकाला आवाजातून पटते. दूरदर्शनवरील 'चिमणराव' म्हणून परिचित असलेल्या नटाने हा खलनायक रंगवावा, हे त्यातले आणखी एक नवल. अमेरिकी चित्रपटातील 'चकी' केव्हिन येगर यांच्या चमूने यांत्रिक साधनांनी चालवला होता. तात्यामागे मुख्यतः बाहुलीकाराचा सरावलेला हात आहे. त्याच्या हालचालींत थोडा ताठरपणा जाणवतो, आणि नेमका तोच अधिक भिववतो.

== चित्रकथांशी साधर्म्य ==
भय आणि हास्य एकत्र आणणाऱ्या चित्रपटांत जॉर्ज रोमेरो यांचा 'क्रीपशो' (१९८२) विशेष प्रसिद्ध आहे. स्टीफन किंग यांनी लिहिलेल्या या चित्रपटात पाच स्वतंत्र कथा असून त्यांची मांडणी 'ईसी' या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या १९५०च्या दशकातील भयचित्रकथांच्या धर्तीवर केली आहे. भडक रंग, चौकटी, दुष्टाला मिळणारे विचित्र शासन ही त्या चित्रकथांची लक्षणे. मुलांवर दुष्परिणाम होतो या आक्षेपामुळे १९५४ नंतर त्या बंद पडल्या.

'झपाटलेला' कथासंग्रहाच्या रूपाचा नाही. त्याची कथा सलग एक आहे. परंतु कोठारे यांच्या खलनायकांना चित्रकथेतील पात्रांप्रमाणे एकाच ठळक रेषेत रेखाटलेले असते. 'थरथराट' (१९८९) मधील टकलू हैवान, 'धडाकेबाज' (१९९०) मधील कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महांकाळ आणि 'झपाटलेला'तील तात्याचा साथीदार कुबड्या खवीस ही नावे उच्चारताच चित्र उभे राहते. मराठी वाचकांच्या एका पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधून 'वेताळ' वाचला होता. तिला ही भाषा परकी नव्हती. 'खवीस' हा शब्द तर थेट लोकसमजुतीतील भुतावळीतून आलेला आहे.

== पुढील चित्रपट ==
कोठारे यांनी याच प्रकारातील 'पछाडलेला' २००४ साली आणला. त्यात भरत जाधव व श्रेयस तळपदे होते आणि प्रभावळकरांनी पुन्हा भयंकर भूमिका केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले. त्यामुळे २०१३ साली त्रिमितीत आलेल्या 'झपाटलेला २' मध्ये लक्ष्याच्या मुलाची कथा आहे. ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. तात्या विंचूचा आवाज मात्र प्रभावळकरांचाच राहिला.