हृदयाचे छिद्र आणि संगणकाचे ठिगळ

बालकाच्या हृदयातील खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास जन्मतःच छिद्र असू शकते, हे वैद्यकीय बांधवांस सांगावयास नकोच. छिद्र मोठे असेल तर शल्यचिकित्सक त्यावर डेक्रॉनचे, अथवा रुग्णाच्याच हृदयावरणाचे ठिगळ शिवतात आणि त्यास आपण सरळ 'पॅच' म्हणतो. संगणकाच्या प्रणालीतील दोष बुजविण्यासाठीही नेमका हाच शब्द रूढ आहे. हे साम्य केवळ शब्दापुरते नाही, असे मला वाटते.

संगणकाच्या अपडेटची तुलना पुष्कळदा लसीशी केली जाते. माझ्या मते ती तितकीशी बरोबर नाही. लस शरीराला शत्रू ओळखण्यास शिकविते. ते काम संगणकात अँटिव्हायरसचे. पॅच मात्र रचनेतला दोषच दुरुस्त करतो. हा दोष कोणा हल्लेखोराने निर्माण केलेला नसतो. प्रोग्राम लिहिला गेला तेव्हापासून तो तेथे असतो आणि वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण दिसत नाही.

'बॅश' हे याचे उत्तम उदाहरण. लिनक्स व युनिक्स प्रणालींमध्ये मनुष्याने टंकलेली आज्ञा वाचून ती पार पाडणारे हे एक उपकार्य-साधन आहे. आपण दवाखान्यात लिनक्स कोठे वापरतो, असे कोणी म्हणेल. पण इंटरनेटवरील सेवांचे बहुसंख्य सर्व्हर त्यावरच चालतात. पॅथॉलॉजीचा अहवाल आपण मोबाइलवर उघडतो, तेव्हा पलीकडे बहुधा तीच प्रणाली असते. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली बॅश लिहिले आणि २०१४ सालच्या सप्टेंबरात स्तेफान शाझेला यांना त्यात एक दोष सापडला. बॅशला बाहेरून एखादी व्याख्या दिली असता ती जेथे संपते तेथे वाचन थांबावयास हवे होते. ते थांबत नसे. डॉक्टरांच्या सहीखाली कोणा परक्याने एक ओळ खरडावी आणि कंपाउंडरने तेही औषध निमूटपणे द्यावे, तसा हा प्रकार! जवळजवळ पंचवीस वर्षे हे छिद्र लक्षणरहित राहिले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते जाहीर झाले, सोबत पॅचही आला. परंतु तो अपुरा ठरला. एका-दोन दिवसांतच ठिगळाच्या कडेने गळती उरल्याचे दिसून आले व पुन्हा पॅच द्यावे लागले. शस्त्रक्रियेनंतरही आपण इको का करतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

दुसरे उदाहरण 'सुडो'चे. सामान्य वापरकर्त्याला एखाद्या कामापुरता मुख्य अधिकार देणारे हे छोटे साधन. अंमली औषधांच्या कपाटाची किल्ली नोंद करून देणाऱ्या परिचारिकेसारखे म्हणा. विशिष्ट तऱ्हेने दिलेल्या आज्ञेच्या शेवटी एक उलटी तिरकी रेघ आली, की सुडो आपल्या राखीव जागेबाहेर लिहू लागे आणि कोणाही वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळू शकत. २०११ पासून असलेला हा दोष जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीने उघड केला. कंपनी अमेरिकन असली तरी तिचे मोठे केंद्र पुण्यात आहे, हे मराठी माणसाने जाता जाता लक्षात घ्यावे.

आता साम्य जेथे संपते, तो भाग पाहू. हृदयाच्या छिद्रावर शस्त्रक्रियेची नवी पद्धत निघाली म्हणून उरलेल्या मुलांचा धोका वाढत नाही. संगणकाचे तसे नाही. पॅच प्रसिद्ध होताच जुना व नवा प्रोग्राम शेजारी ठेवून हल्लेखोर छिद्राची नेमकी जागा शोधून काढतात. म्हणजे पॅच निघाल्यापासून तो आपण बसवेपर्यंतचा काळ हाच सर्वांत घातक.

याची किंमत वैद्यकीय क्षेत्राने मोजलेली आहे. विंडोजमधील फाइल देवाणघेवाणीच्या व्यवस्थेतील दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी पॅच दिला. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय'ने जगभर धुमाकूळ घातला. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० आरोग्य ट्रस्टांना त्याची झळ पोहोचली आणि सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तेथील अंदाज आहे. दोष जुन्या एक्सपीला दिला गेला. प्रत्यक्षात बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी पॅच तयार होता, तो बसविला गेला नव्हता इतकेच. पुढे २७ जूनला त्याच छिद्राचाही वापर करणारा 'नॉटपेट्या' आला आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. तोवर पॅच येऊन १०५ दिवस लोटले होते.

मात्र 'अपडेट आले की डोळे मिटून बसवा' असेही मी म्हणणार नाही. हाच नॉटपेट्या युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले व आपल्याकडील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. औषधाला दुष्परिणाम असतात म्हणून आपण औषध सोडत नाही; मात्रा व निरीक्षण ठरवितो. मोठ्या रुग्णालयाने प्रथम एका संगणकावर अपडेट बसवून एक-दोन दिवस पाहावे. छोट्या दवाखान्याने स्वयंचलित अपडेट चालू ठेवावे, रात्री यंत्र बंद करून सकाळी चालू करावे; कारण पुष्कळ पॅच पुन्हा चालू केल्याविना लागूच होत नाहीत.

पांढुर्णा-सौंसर परिसरातील दवाखान्यांत दोन गोष्टी हमखास आढळतात. एक, विनापरवाना विंडोज. पकडले जाऊ या भीतीने तिचे अपडेट कोणीतरी कायमचे बंद करून ठेवलेले असते. दुसरी, विंडोज १०. तिची नियमित मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पुढील पॅचसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर संगणक उत्तम चालतो आणि छिद्रे तशीच राहतात. लसीकरणाच्या नोंदी, वाढीचे तक्ते, नागपूरला पाठविलेल्या बाळांची कागदपत्रे त्याच यंत्रात असतात.

शिवाय केवळ पॅचने भागत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्व्हर निकामी झाले आणि बाह्यरुग्ण विभागाचे काम अनेक दिवस कागदावर चालले. नेटवर्कची योग्य विभागणी नव्हती, हे कारण पुढे संसदेत सांगण्यात आले. आपल्यापुरता अर्थ असा, की स्वागतकक्षातील संगणक, प्रतीक्षागृहातील वायफाय आणि सोनोग्राफी यंत्र एकाच जाळ्यात नसावेत. नोंदींची एक प्रत आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिल्यास तीही कुलूपबंद होते.

सोनोग्राफी वा रक्ततपासणीच्या यंत्रातील संगणक बहुधा जुना असतो आणि त्यात हात घातल्यास हमी रद्द होईल, असे विक्रेता सांगतो. ते खरेही असते. तेव्हा वार्षिक देखभाल करार करतानाच सुरक्षा-पॅच कोण व किती दिवसांत देणार, हे लिहून घ्यावे. उत्तर न मिळाल्यास ते यंत्र इंटरनेटला जोडू नये, आणि अहवाल नेण्यासाठी वापरलेला पेन ड्राइव्ह घरच्या संगणकात लावू नये.