रम्पोलच्या अकरा कॅसेट

डिसेंबरात लंडनची बातमी वाचली आणि मी कपाटाची खालची फळी उघडली. ब्रिटनचे न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी संसदेत सांगितलं होतं की ज्या खटल्यांत तीन वर्षांपर्यंतच शिक्षा होण्यासारखी आहे, ते बरेचसे यापुढे ज्युरीविना, एकट्या न्यायाधीशापुढे चालवावेत. कारण काय, तर क्राउन कोर्टात पाऊण लाखाहून जास्त खटले तुंबलेत. खुनाला, बलात्काराला ज्युरी राहील. चोरीचा माल बाळगणाऱ्या भुरट्याला राहणार नाही.

म्हणजे नेमके टिम्सन. ब्रिटिश टीव्ही मालिकेतलं, दक्षिण लंडनमधलं हे पिढीजात चोरांचं कुटुंब. खिशात फार काही नाही, हातून मोठी मारामारी नाही, पण घरातला कोणी ना कोणी कायम आरोपीच्या पिंजऱ्यात. आणि त्यांचा ठरलेला वकील होरेस रम्पोल. 'रम्पोल ऑफ द बेली' पहिल्यांदा दाखवलं गेलं तेही डिसेंबरातच, १९७५ साली. रम्पोलच्या पन्नाशीलाच टिम्सनांची ज्युरी काढून घ्यायचं ठरावं, हे मला फार लागलं.

पहिल्या वर्षांवर मी रेंगाळत नाही. जॉन मॉर्टिमरचं एक नाटक बीबीसीनं केलं, पुढे मालिका करायची की नाही यावर चालढकल केली, आणि निर्मात्या आयरीन शुबिक ते घेऊन थेम्स टेलिव्हिजनकडे गेल्या. एप्रिल १९७८ मध्ये मालिका सुरू झाली. हे सगळं मी नंतर वाचलेलं. माझा रम्पोल १९८३ ला सुरू होतो आणि १९९२ ला संपतो.

माझे मामा लंडनमध्ये रेल्वेत होते. त्यांनी व्हीसीआर घेतला त्याच वर्षी मालिकेची तिसरी फेरी आली. ई-१८० कॅसेटमध्ये जाहिरातींसकट तीन भाग बसत. पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत, स्वेटरच्या घडीत, मामा ती कॅसेट घालून द्यायचे. इंग्लंडची आणि आपली टीव्हीची पद्धत एकच, पाल. म्हणून ती आपल्याकडे थेट चालायची. रविवारी भाड्यानं व्हीसीआर आणायचा, घरच्यांचे दोन हिंदी सिनेमे व्हायचे, आणि सगळे झोपले की मी माझी कॅसेट लावायची. तिसऱ्या फेरीपासून सातव्यापर्यंतचे तीस भाग दहा कॅसेटमध्ये, आणि पहिल्या फेरीचे तीन भाग, पुनःप्रसारणातून टिपलेले, अकराव्या कॅसेटमध्ये.

मी १९८४ मध्ये सनद घेतली आणि शिवाजीनगर कोर्टात उभी राहिले. सिनिअरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, बाईमाणसाला फौजदारी झेपत नाही, तू पोटगीची कामं बघ. खुनाच्या खटल्यात फायली मी तयार करायच्या आणि उलटतपासणीच्या दिवशी मागच्या बाकावर बसायचं, अशी तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत मला वकिली त्या कॅसेटांनी शिकवली, हे मी आज जबाबदारीनं लिहिते.

रम्पोल काय करायचा? साक्षीदाराचा जबाब आणि जागेचा पंचनामा शेजारी ठेवून वाचायचा. रक्ताच्या डागांबद्दल त्याला न्यायवैद्यक तज्ज्ञाइतकं कळायचं. अशिलाला तो गुन्हा कबूल करू द्यायचा नाही, आणि तूच केलंस का असं विचारायचाही नाही. क्वीन्स काउन्सेल होण्यासाठी त्यानं कुणाचे उंबरे झिजवले नाहीत. जज बुलिंगहॅम ओरडायला लागला की हा ज्युरीकडे वळायचा. मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर, १९६६ पासून क्वीन्स काउन्सेल. १९७१ मध्ये 'ऑझ' मासिकाच्या संपादकांचा बचाव त्यानं ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टातच केला, आणि नीतिभ्रष्टतेच्या कटाचा सर्वात जड आरोप ज्युरीनं फेटाळला. बारा सामान्य माणसांवरचा त्याचा विश्वास तिथला आहे, लिहिण्याच्या टेबलावरचा नाही. रम्पोल करणारा लिओ मॅककर्न मूळचा सिडनीचा. पंधराव्या वर्षी अपघातात त्याचा एक डोळा गेला होता. तो जड देह, सिगारची राख पडलेला वेस्टकोट आणि मध्येच वर्ड्‌सवर्थ म्हणणारा तो आवाज, यांच्याशिवाय रम्पोल मला कल्पताच येत नाही. मामा गेले तेव्हा मला आधी आठवली ती जोसेफ होरोव्हिट्झची बसूनवर वाजणारी सुरुवातीची धून.

पण माझी खरी माणूस फिलिडा. पॅट्रिशिया हॉजनं ती केली. चेंबरमध्ये आली तेव्हा फिलिडा ट्रँट, मग लग्नानंतर एर्स्किन-ब्राउन. नवऱ्याच्या आधी तिला रेशमी झगा, म्हणजे क्वीन्स काउन्सेलचा मान, मिळाला. रम्पोल तिला आमची पोर्शिया म्हणायचा. ती कोर्टात उभी राहिली की आवाज चढवायची नाही. मी आरशासमोर तसं उभं राहून पाहिलं आहे. १९८७ मध्ये सिनिअर आजारी पडले आणि एका घरफोडीच्या खटल्यात मला उलटतपासणी करावी लागली. मुद्देमालाच्या पंचाला मी तीनच प्रश्न विचारले, हळू आवाजात. आरोपी सुटला. त्यानंतर मी पोटगीचं एकही काम घेतलं नाही.

त्या मालिकेतलं सगळंच मला मान्य होतं असं नाही. अकराव्या कॅसेटवर एका खासदारावरच्या बलात्काराच्या आरोपाचा भाग आहे. रम्पोल त्या मुलीची उलटतपासणी घेतो आणि त्याच्या मुलाची मैत्रीण एरिका ते बघून हादरते. हा भाग १९७८ चा. त्याच साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा बलात्कार प्रकरणात दोन पोलिसांना सोडलं. उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार यांच्याबरोबर त्या निकालाविरुद्धच्या ज्या खुल्या पत्रावर सह्या झाल्या, त्यात वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर ही आपली पुण्याची माणसं होती. बलात्काराचा कायदा १९८३ मध्ये बदलला, तरी फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर प्रश्न विचारायची मुभा पुराव्याच्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपर्यंत राहिली. मी तसे प्रश्न विचारले नाहीत. विचारणारे मात्र बार रूममध्ये रम्पोलचं नाव घ्यायचे, बचाव म्हणजे असा हवा म्हणायचे. त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते: तो भाग एरिकाच्या बाजूनंही बघायचा असतो, मॉर्टिमरनं तिला त्यासाठीच तिथे बसवलंय. रम्पोलच्या बायकोचं, हिल्डाचंही तसंच. जिची आज्ञा मोडायची नाही ती, या टोपणनावावर लोक हसतात. पेगी थॉर्प-बेट्सच्या चेहऱ्यावरचा, दिवसभर वाट पाहिलेल्या बाईचा एकटेपणा त्यांना दिसत नाही.

'गोल्डन थ्रेड' हा तिसऱ्या फेरीतला भाग मी किती वेळा पाहिला याची गणती नाही. रम्पोल आफ्रिकेतल्या एका काल्पनिक देशात जुन्या शिष्याच्या बचावाला जातो. सोनेरी धागा हा शब्द १९३५ च्या वूलमिंग्टन खटल्यातला, लॉर्ड सँकी यांचा: गुन्हा सिद्ध करायचा तो सरकारनं. तो धागा आपल्याकडेही आहे. ज्युरी मात्र आपण गमावली. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी तो निर्णय नाकारून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. ती गेल्यावर आपले खटले लवकर संपायला लागले, असं सांगणारा एकही वकील मला चाळीस वर्षांत भेटला नाही. लॅमींना हे कुणीतरी सांगायला हवं.

१९९२ च्या डिसेंबरात शेवटचा भाग झाला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला थेम्सचं प्रसारणही संपलं. लंडनचा परवाना लिलावात काढला होता. थेम्सनं सव्वातीन कोटी पौंडांच्या आसपास बोली लावली, कार्लटननं चार कोटींच्या वर. चांगलं काय दाखवता याला त्या हिशोबात फार किंमत नव्हती. मॅककर्न २००२ मध्ये गेला, मॉर्टिमर २००९ मध्ये. मधली वर्षं मी सोडून देते.

पुढचं सगळं हातातून निसटण्याचंच. भाचीनं अमेरिकेहून डीव्हीडीचा पूर्ण संच आणला, मी हरखले, आणि माझ्या प्लेअरनं पहिलीच चकती बाहेर काढली. अमेरिकेचा विभाग एक, भारताचा पाच. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपल्याच घरात बंद. दुसरा प्लेअर मिळवून मी ती पाहिली. शहरातल्या एका ग्रंथालयाकडे इंग्रजी मालिकांच्या कॅसेट होत्या. एका उन्हाळ्यात त्या रद्दीच्या भावानं गेल्या, सभासदांना विचारलंसुद्धा नाही. जुन्या ब्रिटिश मालिका जपून काढणारी नेटवर्क ही कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. व्हीसीआर बनवणारा शेवटचा कारखाना, जपानच्या फुनाईचा, २०१६ मध्येच थांबला होता. आता मुलं म्हणतात, कुठेतरी स्ट्रीमिंगवर असेल. कधी असतं, पुढच्या महिन्यात नसतं. आणि रम्पोलचे स्टुडिओतले प्रसंग व्हिडिओ टेपवर घेतलेले आहेत. मागे सिनेमासारखी निगेटिव्ह नाही. जे आहे ते ६२५ रेषांचं चित्र.

फळीवरच्या अकरांपैकी चार कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसते. पुण्याच्या चाळीस पावसाळ्यांचा हा परिणाम. त्यातली एक 'गोल्डन थ्रेड'ची. तशीच मशीनमध्ये घातली तर हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते, म्हणून आधी टेप साफ करणारा कारागीर मी शोधते आहे.

तुमच्या माळ्यावरही अशा कॅसेट असतील: लग्नाच्या, नाटकाच्या, कुणीतरी परदेशात बसून तुमच्यासाठी टिपलेल्या. त्या या पावसाळ्याआधी खाली काढा, उजेडात धरून खिडकीतून बघा, आणि चालू मशीन हाताशी असेल तोवर उतरवून घ्या. ज्यांच्याकडे पाल पद्धतीचा चालू व्हीसीआर असेल त्यांनी तो भंगारात देऊ नये.