आयसीला लावा नवे पाय

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखादा नवा आयसी मागा. दुकानदार पट्टीचा तुकडा कात्रीने कापून हातात ठेवतो आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढा ऐवज असतो. आपल्या झिरो पीसीबीवरची भोकं २.५४ मिलिमीटर अंतरावर, आणि याचे पाय ०.६५ मिलिमीटरवर! मग शोध सुरू होतो अडॅप्टर बोर्डाचा. वर बारीक पॅड, कडेला बर्ग स्ट्रिप, मध्ये तांब्याच्या रेषा, एवढाच त्याचा थाट.

२.५४ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो इंचाचा बरोबर दहावा भाग आहे. दोन रांगांत पाय असलेली डीआयपी घडण फेअरचाइल्ड कंपनीत १९६४च्या सुमारास आली आणि हे माप पक्कं झालं. आजच्या ब्रेडबोर्डच्या मधली खाचही तिच्याच दोन रांगांसाठी.

आता गंमत अशी की ही ऐसपैस डीआयपी स्वतःच एक अडॅप्टर आहे! इंटेलचा १९७१चा ४००४ घ्या. बाहेरून १६ पायांचा दणकट ऐवज, आत सिलिकॉनचा तुकडा जेमतेम ३ बाय ४ मिलिमीटर. बाकी सगळं वेष्टन, आणि त्या चिमुकल्या तुकड्यापासून बाहेरच्या पायांपर्यंत पसरत गेलेल्या धातूच्या वाटा. बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे आयसी काढणाऱ्या एसएमडीवाल्यांनी हा पसारा आवरला. आपण पाच-दहा रुपयांचा हिरवा बोर्ड लावून तो परत मांडतो, एवढंच. त्यामुळे ‘खरा आयसी म्हणजे डीआयपीच’ म्हणून नाक मुरडणाऱ्या जुन्या मंडळींचं मला फारसं पटत नाही.

एसएमडी घडणींपैकी एसओआयसी त्यातल्या त्यात समजूतदार. पायांतलं अंतर १.२७, म्हणजे २.५४च्या बरोबर निम्मं. तांब्याच्या पट्ट्यांचा बोर्ड असेल तर प्रत्येक पट्टी कटरने मधोमध उभी चिरायची की आयसी थेट बसतो, अडॅप्टरचे पैसे वाचतात. फक्त अंगाची रुंदी आधी मोजा. ३.९ आणि ७.५ मिलिमीटर, दोन्ही एसओआयसीच म्हणवतात, आणि दुकानात आपल्याला नको असलेलाच अडॅप्टर हमखास शिल्लक असतो.

बोर्डच नसेल तर? आयसी पाठीवर झोपवा, पाय आकाशाकडे, आणि प्रत्येक पायाला केसासारखी तार जोडा. या पद्धतीला इंग्रजीत ‘डेड बग’ म्हणतात, म्हणजे मेलेला किडा. दिसायला भयंकर, पण लिनियर टेक्नॉलॉजीचे जिम विल्यम्स यांच्यासारखे नामांकित अभियंते तांब्याच्या कोऱ्या बोर्डावर अशीच तारांची जाळी उभी करून उत्तम सर्किटं तपासायचे. सावधगिरी एकच: पायांचे क्रमांक वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने जातात. आयसी उलटा केला की तेही उलटतात, आणि पुरवठ्याची तार भलत्या पायाला लागली की धूर.

बारीक पाय एकेक करून डागायला जाऊ नका. भरपूर फ्लक्स लावा, दोन कोपरे पकडवा आणि आयर्न सगळ्या पायांवरून सरळ ओढत न्या. कथिल-शिशाचं ६३:३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, आणि द्रवाच्या पृष्ठताणामुळे ते पाय आणि पॅड यांनाच चिकटायला बघतं. दोन पायांमध्ये पूल झालाच तर तांब्याची विणलेली विक तो शोषून घेते.

काहींना मात्र पायच नसतात. बॉशचा बीएमई २८० तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब मोजतो, आकार २.५ बाय २.५ मिलिमीटर आणि आठही पॅड पोटाखाली. तिथे आयर्नचं टोक पोचतच नाही. गरम हवा वापरा, नाहीतर तयार मॉड्यूल आणा. क्यूएफएन या बिनपायांच्या घडणीच्या पोटाखालच्या मोठ्या पॅडसाठी मात्र एक युक्ती आहे. अडॅप्टरला मध्ये भोक पाडायचं आणि मागून सोल्डर सोडायचं.

नवे लांब पाय फुकट मिळत नाहीत. तारेच्या दर मिलिमीटरमागे साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स वाढतो. म्हणून पुरवठा स्थिर ठेवणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ब्रेडबोर्डवर दूर कुठेतरी न खुपसता अडॅप्टरवरच, आयसीला खेटून लावावा.

ऑडिओवाले या खेळात सर्वांत पुढे. एकाच छोट्या बोर्डाच्या दोन बाजूंना एकेक एसओआयसी ऑप-अँप चिकटवतात आणि आठ पायांच्या जुन्या सॉकेटात ‘ड्युअल’ म्हणून खोचतात. १९८२च्या कमोडोर ६४ संगणकाची ‘सिड’ ही आवाजाची चिप आज नवी बनत नाही. तिच्या जागी २८ पायांच्या बोर्डावर बसलेला एसएमडी मायक्रोकंट्रोलर तिची नक्कल करतो. याउलट १९७५च्या ६५०२ प्रोसेसरचा वारस ६५सी०२ वेस्टर्न डिझाइन सेंटर आजही ४० पायांच्या डीआयपीत विकतं. त्याला अडॅप्टर लागतच नाही.