कलेचा पगार आणि कलेची शिष्यवृत्ती

‘गाणं-बजावणं ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय?’ हा प्रश्न आपल्या घरांमध्ये दर दहावी-बारावीच्या निकालानंतर हमखास निघतो. बडोद्यात तो निघाला की मला जरा गंमत वाटते, कारण या प्रश्नाला याच शहराने सव्वाशे वर्षांपूर्वी एक उत्तर दिलं होतं. ते उत्तर होतं पगार.

सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू केली आणि ती मौलाबक्ष यांच्या हाती सोपवली. तोवर गाणं शिकायचं म्हणजे उस्तादांच्या घरी राहायचं आणि त्यांची मर्जी सांभाळायची. आता वर्ग भरू लागले, वेळापत्रक आलं, स्वर कागदावर लिहून शिकवणं आलं. दरबारातल्या गायक-वादकांसाठी ‘कलावंत कारखाना’ हे वेगळं खातंच होतं. खातं म्हटलं की नेमणूक आली, रजा आली, नियम आले आणि महिन्याचा पगारही आला. अब्दुल करीम खाँ काही काळ या दरबारी होते. फैयाज खाँ तर अखेरपर्यंत बडोद्याचेच राहिले. १८९० मध्ये कलाभवन उघडलं. पुढे सिनेमा काढणारे दादासाहेब फाळके तिथे शिकले. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही इथेच, १९१६ मध्ये. ग्वाल्हेरच्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. शिंदे सरकारच्या आश्रयाने भातखंड्यांनी १९१८ मध्ये तिथे माधव संगीत महाविद्यालय उभं केलं.

अर्थात हे सगळं एका राजाच्या इच्छेवर चालत होतं. संस्थानं विलीन झाली आणि दरबाराचे पगार संपले. गायनशाळा मात्र टिकली. सुरसागराजवळ विद्यापीठाची जी परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे, ती तिचीच आजची पिढी.

माझी भाची तिथे तबला शिकते. यंदा तिचं पदवीचं शेवटचं वर्ष. पुढे तबलाच करायचा की कॉम्प्युटरचा एखादा कोर्स करून नोकरी धरायची, यावर घरात रोज चर्चा चालू आहे. मी आयुष्यभर हिशेब लिहिले, म्हणून ताई म्हणाली, ‘तूच एकदा आकडे मांडून दाखव तिला.’ मी मांडले. ते तुमच्यापैकीही कुणाच्या उपयोगी पडतील.

आज कलेवरचा केंद्र सरकारचा पैसा शिकणाऱ्यापर्यंत मुख्यतः सीसीआरटी, म्हणजे सांस्कृतिक संसाधन व प्रशिक्षण केंद्र, या संस्थेमार्फत पोचतो. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी वर्षाला ३,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, शिवाय गुरूंच्या फीची काही भरपाई मिळते. १८ ते २५ वयात, गुरूकडे निदान पाच वर्षं शिकल्याचा दाखला देता आला, तर महिना ५,००० रुपये दोन वर्षं मिळू शकतात. २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ फेलोशिप आहे, महिना १०,००० रुपये, तीही दोन वर्षं. चाळिशीनंतरची वरिष्ठ फेलोशिप महिना २०,००० रुपयांची. (रकमा आणि अटी अर्ज भरताना पुन्हा पाहून घ्या.)

आता बेरीज करू. तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती दोन वर्षांत १,२०,००० रुपये होते. पुढे कनिष्ठ फेलोशिप मिळाली तर २,४०,००० रुपये. दोन्ही मिळाल्या, तरी १८ ते ४० या बावीस वर्षांत एकूण ३,६०,००० रुपये, आणि तेही चारच वर्षांसाठी. उरलेली अठरा वर्षं कोरडी. शिवाय या शिष्यवृत्त्या देशभरात मिळून काही शेच असतात, म्हणजे चुरस मोठी.

ताईने कागद पाहिला आणि म्हणाली, ‘बघ, मी सांगत नव्हते?’ पण मला त्या कागदात दुसरंच काही दिसलं. दरबार देत होता तो पगार होता. आज मिळते ती शिष्यवृत्ती. पगारावर घर चालतं, शिष्यवृत्तीवर चालत नाही. शिष्यवृत्ती वेळ देते. दोन वर्षं शिकवण्या न धरता रोज सहा तास रियाज करता येईल एवढा वेळ. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की त्या दोन वर्षांत ती पायाखाली काय बांधणार?

भाचीने उत्तर लिहून दिलं. शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करायचं आणि संगीत विषयात नेट द्यायची, म्हणजे कॉलेजात शिकवण्याची वाट उघडी राहील. आकाशवाणीची ऑडिशन द्यायची, कारण तिथली श्रेणी कलाकाराची ओळख म्हणून सगळीकडे चालते. आणि कथकच्या साथीचा हात तयार करायचा, कारण साथीदाराला बोलावणी जास्त येतात. ताई अजून पुरती राजी नाही, पण कॉम्प्युटर कोर्सचा फॉर्म तिने सध्या कपाटात ठेवून दिला आहे.

सरकारने शिष्यवृत्त्यांबरोबर नेमणुका वाढवाव्यात, शाळांमधून संगीत आणि नाट्यशिक्षकांच्या जागा भराव्यात, ही मागणी आपण करायलाच हवी. गायनशाळेचा खरा धडा तोच आहे. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. आपल्या गणेशोत्सवाचा जमाखर्च आठवून पाहा. मांडववाल्याचं बिल ठरलेलं असतं, ध्वनिक्षेपकवाल्याला आगाऊ रक्कम लागते, आचारी भाव करून घेतो. तबलजीला मात्र शाल आणि नारळ. ‘आपल्याच घरची मुलगी आहे, तिला काय द्यायचं?’ असं म्हणणारे तेच काका दुसऱ्या दिवशी तिच्या आईला विचारतात, ‘यात पैसा मिळतो का हो?’

मला वाटतं, या दोन वाक्यांपैकी एकच बोलायला परवानगी असावी.

तरुण वाचकांनो, यंदा तुमच्यापैकी बरेच जण उत्सवाच्या समितीवर असाल. अंदाजपत्रक लिहिताना पहिली ओळ ‘कलाकारांचं मानधन’ अशी लिहा आणि पुढे आकडा टाका. दोन हजार असो, पाच हजार असो, पण तो ठरलेला असू द्या, आणि कार्यक्रमाच्या दिवशीच हातात पडू द्या. मांडव थोडा लहान घातला तरी चालेल.