शेगडीवरचं घड्याळ

न्यू जर्सीत, एडिसनच्या आमच्या स्वयंपाकघरात मार्चच्या दुसऱ्या रविवारी दोन वेळा एकत्र नांदतात. फोन रात्री दोनला आपणहून तीनवर जातो. शेगडीवरचे हिरवे आकडे बटण दाबेपर्यंत कालचीच वेळ धरून बसतात. माझं शरीर त्या शेगडीच्या बाजूचं.

मी पहाटे साडेचारला उठून सहापर्यंत लिहिते. आदल्या दिवशी एक वाक्य मुद्दाम अर्धं सोडलेलं असतं. वही उघडली की त्याचं टोक हाती लागतं. सहाला साताऱ्याला आईला फोन. तिकडे साडेचार झालेले, चहाचं आधण ठेवलेलं. तिच्याशी बोलता बोलता उद्याचा परिच्छेद सुचतो. भारतात घड्याळं हलत नाहीत, त्यामुळे इथलं पुढे गेलं की माझ्या सहाला तिकडे साडेतीनच वाजतात. "अगं, आत्ता कुठे डोळा लागला होता," असं आई एकदा म्हणाली, तेव्हापासून उन्हाळाभर फोन सातला. पण सातला इथे डबे, दप्तरं, शाळेची बस.

रात्रीचंही तेच. पुण्यातलं संपादकांचं ऑफिस दहाला उघडतं. हिवाळ्यात तेव्हा माझ्याकडे रात्रीचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेबारा. २००७ पासून इथली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत पुढेच असतात, आणि दिवाळी अंकाची प्रुफं येतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. एका शब्दाबद्दल बोलायचं तरी जागायचं. दीडला झोपून साडेचारला बसले की दरवेळी एकच अनुभव : ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांना बिनचूक दिसतात, पण नवं वाक्य येत नाही. अर्धं सोडलेलं वाक्य समोर असतं आणि ते कुठे निघालं होतं तेच आठवत नाही. तसल्या पहाटे मी जुना मजकूर साफ करते, लिहीत नाही.

मार्चमधला प्रश्न एका तासाचाच, असं म्हणतात. मला पटत नाही. मेंदूतला सुमारे २० हजार पेशींचा पुंजका शरीराची वेळ राखतो आणि तो जुळवून घेतो डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाशी. शनिवारी सहा-वीसच्या सुमारास उगवलेला सूर्य रविवारी सव्वासातनंतर उगवतो. सकाळ काळोखी, संध्याकाळ लांबलेली. झोप रोज पुढेच सरकते. माझी घडी बसायला आठ-दहा दिवस जातात, तेवढ्यात कथेतली माणसं परकी होतात.

यंदा बुधवारपासून रोज रात्री मी शेगडीचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं आणि त्याच हिशेबानं झोपले, उठले. शनिवारी चौथ्यांदा. रविवारी पहाटे फोन आणि शेगडी, दोन्हीकडे साडेचार. वहीतलं वाक्य "आणि मग आजीनं" इथे थांबलेलं होतं. पुढचं लिहायला घेतलं. साताऱ्यात दोन वाजले होते, आई नुकतीच आडवी झाली असेल.